भयानकाचा पुरावा : 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'चे सामर्थ्य आणि मर्यादा

भयकथेला आपल्या खरेपणाची ग्वाही स्वतःच्या तोंडाने देता येत नाही. ती दुसऱ्या कोणाकडून तरी आणावी लागते. होरेस वॉल्पोलची 'द कॅसल ऑफ ओट्रान्टो' १७६४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यावर खऱ्या लेखकाचे नाव नव्हते. एका जुन्या इटालियन ग्रंथाचा हा अनुवाद आहे, एवढेच वाचकाला सांगितले होते. पुढच्याच वर्षी दुसऱ्या आवृत्तीत वॉल्पोलने कर्तृत्व मान्य केले. पहिल्या आवृत्तीचा वाचक फसला होता, दुसऱ्या आवृत्तीचा वाचक फसण्याचे कारण उरले नव्हते; तरीही कादंबरी वाचली जात राहिली आणि तिच्यापासून एका संप्रदायाचा आरंभ झाला. एडगर ॲलन पोच्या १८३३ मधील कथेत हस्तलिखित बाटलीतून येते, ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'त (१८९७) दैनंदिन्या, पत्रे, तारा, वृत्तपत्रांतील कात्रणे आणि फोनोग्राफवरील नोंदी एकत्र गोवलेल्या असतात. सापडलेल्या कागदपत्रांचा हा संकेत इतका रुळला की वाचक त्यावर विश्वास ठेवीनासा झाला आणि विश्वास न ठेवताच त्याचा आस्वाद घेऊ लागला.

कॅमेरा हाच साक्षीदार झाल्यावर या संकेताचे काय होते, हा प्रश्न चित्रपटाने पुन्हा उभा केला. 'फाउंड फूटेज' या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या भयपटांचा पूर्वज म्हणून रुजेरो देओदातोच्या 'कॅनिबल होलोकॉस्ट'कडे (१९८०) बोट दाखवले जाते. त्या दिग्दर्शकाला आपले नट जिवंत आहेत हे इटलीतील न्यायालयापुढे सिद्ध करावे लागले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तथापि या प्रकाराला स्वतंत्र घाट म्हणून प्रतिष्ठा मिळाली ती डॅनिएल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ यांच्या 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'मुळे. १९९९ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला आणि त्याच वर्षीच्या जुलैत अमेरिकेत प्रदर्शित झाला. वितरण संस्थेने तो सुमारे ११ लाख डॉलरना विकत घेतला होता. जगभरातून त्याने २४ कोटी ८० लाख डॉलरच्या आसपास उत्पन्न मिळवले. या आकड्यांनी चित्रपटाच्या समीक्षेचे नुकसानच अधिक केले आहे. त्याच्याविषयी जे लिहिले गेले त्यातील फार मोठा भाग संकेतस्थळावरून पसरवलेली खोटी दंतकथा, हरवलेल्या तरुणांची भित्तिपत्रके आणि नट 'बेपत्ता' असल्याच्या नोंदी यांच्याभोवती फिरतो. चित्रपट म्हणजे एक यशस्वी थाप, असा निष्कर्ष त्यातून सहज निघतो. थाप उघडी पडून पाव शतक उलटल्यावरही हा चित्रपट भीती घालतो, आणि कोठे कोठे मुळीच घालत नाही. या दोन्ही गोष्टींचा उलगडा त्या निष्कर्षाने होत नाही.

कथानक अगदी थोडे आहे. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये मेरीलँड राज्यातील बर्किट्सव्हिल गावाजवळच्या जंगलात तीन विद्यार्थी ब्लेअरच्या चेटकिणीवर माहितीपट करण्यासाठी जातात आणि परत येत नाहीत. वर्षभराने त्यांचे चित्रण हाती लागते. आरंभीच्या पाटीवर एवढे सांगून चित्रपट ते चित्रण दाखवू लागतो. हिदर दिग्दर्शिका, जॉश छायाचित्रक, माइक ध्वनिमुद्रक. गावकऱ्यांच्या मुलाखती, जंगलातली पायपीट, हरवलेला नकाशा, रात्रीचे आवाज, तंबूभोवती सकाळी आढळणारे दगडांचे ढीग, झाडांना टांगलेल्या काटक्यांच्या मानवाकृती, जॉशचे नाहीसे होणे आणि शेवटी एक ओसाड घर. चेटकीण कधीच दिसत नाही.

या यादीपाशी क्षणभर थांबणे उपयुक्त ठरेल, कारण नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाचे जे विभाव सांगितले आहेत त्यांच्याशी तिचे विलक्षण साम्य आहे. विकृत आवाज, भूतदर्शन, शून्य घर, अरण्यात जाणे, स्वजनांच्या वधाविषयी पाहणे, ऐकणे वा त्याची कथा होणे, हे भरताने दिलेले विभाव आहेत. यांपैकी भूतदर्शन सोडले तर सगळे या चित्रपटात जसेच्या तसे उपस्थित आहेत. यावरून दिग्दर्शकांनी भरत वाचला होता असे अर्थातच सुचवायचे नाही. भीतीचे कारण-द्रव्य देशोदेशी फारसे बदलत नाही, एवढेच त्यातून दिसते. आणि चित्रपटाचे नावीन्य विभावांत शोधणे व्यर्थ आहे, हेही. हॉथॉर्नच्या काळापासून अमेरिकी कल्पनाशक्तीत जंगल ही पापाची आणि परीक्षेची जागा आहे, सेलमच्या १६९२ च्या खटल्यांपासून चेटकीण ही तेथील सामूहिक अपराधभावनेची आकृती आहे. चित्रपट हे सारे आयते घेतो.

नावीन्य आहे ते अनुभावांत. भयाचे अनुभाव म्हणून शास्त्राने हातापायांचा कंप, चंचल दृष्टी, रोमांच, मुखवैवर्ण्य, स्वरभेद सांगितले. रंगभूमीवर आणि सामान्य चित्रपटात हे अनुभाव नटाच्या शरीरावर दिसतात: प्रेक्षक भ्यालेल्या माणसाकडे पाहतो. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'मध्ये भ्यालेला माणूस बहुतेक वेळ दिसतच नाही, कारण तो कॅमेऱ्याच्या मागे आहे. त्याच्या हाताचा कंप चौकटीचा कंप होतो, त्याच्या नजरेची चंचलता ही प्रतिमेची अस्थिरता होते, त्याचा फाटलेला स्वर अंधाऱ्या पडद्यावर एकटाच ऐकू येतो. अनुभाव पात्राच्या देहातून निघून प्रतिमेच्या देहात शिरतात. प्रेक्षकाला भीतीचे चित्र दाखवले जात नाही; भ्यालेले चित्र दाखवले जाते. कॅमेऱ्याच्या हलण्याने डोळे दुखतात, मळमळते, अशी तक्रार त्या वेळी अनेकांनी केली. ती कलाबाह्य म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. अनुभावांच्या या स्थलांतराची ती शारीरिक खूण आहे.

दोन कॅमेऱ्यांची योजना हे या तंत्राचे सर्वांत सूक्ष्म अंग आहे. एक हाय-८ जातीचा रंगीत व्हिडिओ कॅमेरा, दुसरा १६ मिलिमीटर फिल्मचा कृष्णधवल कॅमेरा. हिदरच्या मनातला 'खरा' माहितीपट फिल्मवर होत असतो: रचलेली चौकट, पाठ केलेले निवेदन, गंभीर मुद्रा. व्हिडिओवर त्या माहितीपटाच्या कडेची सांडलवंड टिपली जाते: खाण्याची खरेदी, थट्टा, भांडणे. जसजसे जंगल दाट होते तसतसा पहिला चित्रपट दुसऱ्यात बुडत जातो. म्हणजे भय येते ते चेटकिणीच्या आगमनाने नव्हे, तर एका संहितेवरचा तिच्या कर्त्रीचा ताबा सुटत जाण्याने. नकाशाचा प्रसंग याच दृष्टीने वाचावा लागतो. नकाशा हरवतो, हिदर वेडीपिशी होते, आणि मग माइक हसत हसत सांगतो की निरुपयोगी वाटल्यामुळे आपणच तो ओढ्यात भिरकावला. त्या हसण्यात जितके भय आहे तितके काटक्यांच्या बाहुल्यांत नाही. आजच्या अमेरिकेत कोणी हरवूच शकत नाही, अशी हिदरची खात्री असते. दिवसभर दक्षिणेकडे चालून ती तिघे पुन्हा ओढ्यावरच्या त्याच ओंडक्यापाशी येतात तेव्हा ती खात्री निखळते. मोजलेल्या, आखलेल्या, जिंकलेल्या भूमीविषयीचा एक संपूर्ण राष्ट्रीय आत्मविश्वास त्या ओंडक्यापाशी संपतो. या प्रसंगात अलौकिक असे काही दाखवावेच लागत नाही. (निर्मितीची गंमत अशी की पात्रांचा नकाशा हरवला तरी नटांच्या हाती उपग्रहाधारित दिशादर्शक यंत्र होते आणि त्याच्या आधारे ते दिग्दर्शकांनी ठरवलेल्या जागी रोज पोचत होते.)

आता रसविघ्नांकडे वळता येईल. अभिनवगुप्ताने अभिनवभारतीत रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली. त्यांपैकी पहिले संभावनाविरह: जे दाखवले जात आहे ते घडू शकते असे प्रेक्षकाला वाटतच नसेल तर रसाचा प्रश्नच उद्भवत नाही. लोकोत्तर प्रसंगांसाठी अभिनवगुप्ताने त्यावर उपाय सांगितला तो रामासारख्या प्रख्यात नायकाचा. दृढ झालेली प्रसिद्धी विश्वास पुरवते. फाउंड फूटेजचा उपाय याच्या उलट टोकाचा आहे. नायक इतका अप्रसिद्ध असावा की तो कोणीही असू शकेल आणि प्रतिमा इतकी सदोष असावी की ती कोणी 'केली' असेल असे वाटू नये. बार्थने १९६८ मध्ये वास्तववादी कादंबरीतील निरर्थक तपशिलांच्या कार्याविषयी जे विवेचन केले ते येथे लागू पडते. कथेला अनावश्यक असलेला तपशील केवळ 'हे वास्तव आहे' एवढाच अर्थ वाहतो. या चित्रपटात धूसर पाने, तिरपी जमीन, बोटाने अडलेले भिंग हे सगळे असे तपशील आहेत.

परंतु पहिले विघ्न दूर करण्यासाठी चित्रपट जी किंमत देतो ती दुसऱ्या विघ्नाच्या रूपाने. स्वगत किंवा परगत देशकालविशेषाचा आवेश हे ते विघ्न. भय 'माझे' वा 'त्याचे' या विशिष्ट नात्याने प्रतीत झाले की आस्वाद संपतो आणि लौकिक सुखदुःख सुरू होते. शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील पळणाऱ्या हरिणाच्या वर्णनाचा आधार घेऊन अभिनवगुप्त नेमके भयाचेच उदाहरण देतो: तेथे ते हरीण विशेष राहत नाही, भिवविणारा विशेष राहत नाही, देश-काल गळून पडतात आणि केवळ भय उरते. या विघ्नावरचे उपाय म्हणून पूर्वरंग, प्रस्तावना, नटाचे नटपण जाणवून देणारी आणि त्याची व्यक्तिगत ओळख झाकणारी मुकुटादी वेशभूषा यांचा निर्देश केलेला आहे. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' यांतील एकेक उपाय मोजून नाकारतो. हिदर डोनाह्यू, जॉशुआ लेनर्ड आणि मायकेल विल्यम्स हे नट स्वतःच्याच नावाने वावरतात. मुकुट नाही, प्रस्तावना नाही. उलट आरंभीची पाटी देश आणि काल अधिक विशिष्ट करते: ऑक्टोबर १९९४, बर्किट्सव्हिल, मेरीलँड. श्रेयनामावली येते ती शेवटी, म्हणजे प्रस्तावना प्रयोग संपल्यावर येते.

साधारणीकरणाचा हा पद्धतशीर नकार म्हणजे कलेचाच नकार, असे मानणारा पक्ष उभा राहू शकतो, आणि तो दुबळा नाही. १९९९ च्या उन्हाळ्यात ज्यांनी हे चित्रण खरे समजून पाहिले त्यांना जे वाटले ते लौकिक भय आणि लौकिक शोक होते; हिदर डोनाह्यूच्या आईकडे सांत्वनपर पत्रे आल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. सांत्वनाचे पत्र ही रसिकाची प्रतिक्रिया नव्हे. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी या दोन ध्रुवांची जी मांडणी केली तिच्या संदर्भात पाहिले तर हा चित्रपट लौकिकतेच्या ध्रुवाच्याही पलीकडे, कलाव्यवहाराच्या सीमेबाहेर पाऊल टाकतो की काय, अशी शंका येते. मात्र या पक्षाने एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. फसलेला प्रेक्षक अल्पकाळचा होता. आजचा प्रेक्षक सर्व काही ठाऊक असून हा चित्रपट पाहतो. त्याच्या बाबतीत मुकुट नाही हे खरे, परंतु मुकुट नसणे हाच आता मुकुट झालेला आहे. सदोष प्रतिमा ही पुरावा राहिली नसून संकेत झाली आहे. या प्रेक्षकाच्या अनुभवात जे टिकते तेवढेच चित्रपटाचे, बाकीचे जाहिरातीचे.

काय टिकते हे शेवटच्या प्रसंगात सर्वांत स्पष्ट दिसते. जॉशच्या हाका ऐकून हिदर आणि माइक रात्री एका पडक्या घरात शिरतात. हिदरच्या हातात फिल्मचा कॅमेरा, माइकच्या हातात व्हिडिओ. चित्रपट दोन्ही दृष्टिकोनांत आलटून पालटून जातो. परंतु फिल्मच्या कॅमेऱ्याला ध्वनी नाही. ध्वनी आहे तो माइकच्या कॅमेऱ्याचा. त्यामुळे माइक पुढे धावून तळघरात गेल्यावर हिदरच्या नजरेतून जे दिसते त्यावर हिदरचा स्वतःचा आक्रोश दुरून, दुसऱ्या मजल्यावरून आल्यासारखा ऐकू येतो. पाहणारी येथे आहे आणि तिचा आवाज तेथे. ती तळघराच्या पायऱ्या उतरू लागते तसतसा तिचाच आवाज तिच्याजवळ येतो. एका तांत्रिक नियमाचे केवळ प्रामाणिक पालन करून देह आणि स्वर यांची अशी फारकत साधलेली भयपटांत क्वचितच आढळेल. मग तळघराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा असलेला माइक, एक आघात, खाली पडलेला कॅमेरा आणि काही क्षण धडपडत राहिलेली फिल्म. कोपऱ्यात उभे राहण्याचा अर्थ आरंभीच्या एका मुलाखतीत पेरलेला आहे: रस्टिन पार नावाचा खुनी मुलांना मारताना एकाला कोपऱ्यात उभे करी, कारण त्याला त्यांची नजर सहन होत नसे. हे स्पष्टीकरण मागाहून चित्रित करून घातले गेले, असे निर्मितीच्या इतिहासावरून कळते. मूळ शेवट प्रेक्षकांना उमगत नव्हता. वितरकांना दुसरे, अधिक रक्तरंजित शेवट हवे होते. तेही चित्रित झाले, पण दिग्दर्शकांनी आपलाच ठेवला. निर्णय योग्य होता. पाठमोरा माणूस ही एवढीच प्रतिमा, आणि तिचे भय नजर नाकारण्यात आहे. ऐंशी मिनिटे सतत पाहणाऱ्या कॅमेऱ्यापुढे शेवटी पाहण्यास मनाई केलेला देह येतो.

अभिनवगुप्ताच्या यादीतील आणखी तीन विघ्ने, प्रतीतीच्या उपायांची विकलता, स्फुटत्वाचा अभाव आणि संशययोग, येथे विघ्ने राहत नाहीत. तीच रसाची सामग्री बनतात. अंधार, अस्पष्ट आवाज, 'ते काय होते?' हा अनुत्तरित प्रश्न. तोदोरोव्हने १९७० मध्ये अद्भुतिकेची व्याख्या ज्या दोलायमानतेवर उभी केली ती हीच. एका रात्री तंबू कोणीतरी हलवते, तिघे बाहेर पळतात आणि हिदर एका बाजूला पाहून किंचाळते; ती काय पाहते हे दिसत नाही. तेथे पांढऱ्या वेषातील एक माणूस उभा केलेला होता, परंतु धावपळीत कॅमेरा तिकडे वळलाच नाही, असे निर्मितीविषयीच्या कथनांतून समजते. चित्रपटातील सर्वांत सुंदर अनुपस्थिती अशा रीतीने योगायोगाने आलेली आहे. त्यामुळे तिचे मोल कमी होत नाही. वळलेला कॅमेरा कापून टाकणे संकलकाला शक्य होते की नव्हते याची चर्चा निष्फळ आहे.

असे असले तरी चित्रपटाच्या उणिवा गंभीर आहेत आणि त्यांतील काही त्याच्या सामर्थ्यातूनच निघतात.

पहिली उणीव चित्रण चालू ठेवण्याच्या कारणाची. जीव धोक्यात असताना माणसे कॅमेरा खाली का ठेवत नाहीत, हा या प्रकारातील प्रत्येक चित्रपटाला विचारावा लागणारा प्रश्न आहे. येथे त्याला एक उत्कृष्ट उत्तर दिलेले आहे: जॉश एकदा हिदरचा कॅमेरा हातात घेतो आणि म्हणतो की तिला हे यंत्र इतके का आवडते ते आता समजले, त्यातून दिसते ते पुरते वास्तव नसते, गाळून आलेले असते. म्हणजे कॅमेरा हे साक्षीचे नव्हे तर बचावाचे साधन आहे. हे सूत्र चित्रपटाने धरून ठेवले असते तर तो आपल्याच माध्यमाचे मर्मभेदक भाष्य ठरला असता. परंतु ते एका संवादापुरतेच राहते. नंतरच्या भागात, विशेषतः अन्न संपल्यावर, कॅमेरा चालू आहे तो केवळ चित्रपट चालू राहावा म्हणून, असे वारंवार वाटते.

दुसरी उणीव मधल्या भागाची. सुमारे २० तासांच्या चित्रणातून ८१ मिनिटे निवडली गेली, तरीही ओरडणे, शिव्या आणि परस्परांवरील दोषारोप यांची तीच ती आवर्तने येतात. उत्स्फूर्त संवादाने खरेपणा येतो हे मान्य. परंतु उत्स्फूर्त बोलणे स्वभावतः पाल्हाळिक असते आणि भांडणाऱ्या माणसांकडे एका शब्दाची शंभर रूपे नसतात. येथे खरेपणा आणि रसवत्ता यांच्यात संघर्ष झाला, आणि दिग्दर्शकांनी खरेपणाची बाजू घेतली. गावकऱ्यांच्या मुलाखतींत मात्र, जेथे काही खरे रहिवासी आणि काही पेरलेले नट मिसळलेले आहेत, हा समतोल अप्रतिम साधला आहे.

तिसरी उणीव अधिक सैद्धांतिक आहे: या चित्रणाचा संपादक कोण? सापडलेल्या हस्तलिखिताच्या कादंबरीत संपादकाची आकृती अटळ असते. त्याची प्रस्तावना, त्याच्या टिपा, त्याचे मौन यांतून दुसरी कथा घडते. येथे कोणीतरी दोन कॅमेऱ्यांचे चित्रण जुळवले आहे, फिल्मच्या मूक दृश्यांवर व्हिडिओचा ध्वनी बसवला आहे, प्रसंग निवडले आहेत. तो कोण, कशासाठी? चित्रपट याविषयी काही बोलत नाही. मूळ योजनेत या चित्रणाभोवती तज्ज्ञांच्या मुलाखती आणि बातमीपट यांची चौकट होती. ती काढून टाकली गेली आणि 'कर्स ऑफ द ब्लेअर विच' या दूरचित्रवाणीवरील स्वतंत्र कार्यक्रमात, प्रदर्शनाच्या तोंडावर, वापरली गेली. चौकट काढल्याने चित्रपट बंदिस्त आणि गुदमरवणारा झाला, हा लाभ. हानी अशी की ब्लेअर गावाची १७८५ पासूनची बनावट दंतकथा चित्रपटात तुटक तुकड्यांतच उरली आणि तिच्या पूर्ततेसाठी प्रेक्षकाला चित्रपटाबाहेर, जाहिरातीच्या प्रदेशात जावे लागले. संहितेच्या पोकळ्या वाचकाने भरायच्या असतात, हे स्वागतसिद्धांताचे म्हणणे. येथे त्या विक्रेत्याने भरल्या. याच सुमारास आलेल्या 'द लास्ट ब्रॉडकास्ट'ने (१९९८) हा प्रश्न अधिक धीटपणे हाताळला होता. त्यात माहितीपट जुळवणारा निवेदकच शेवटी अपराधी ठरतो. कलाकृती म्हणून तो चित्रपट डावा आहे, परंतु संपादकाविषयीची त्याची समज उजवी आहे.

चौथी गोष्ट हिदर या व्यक्तिरेखेची. भरताने भय हे 'स्त्रीनीचप्रकृतिक' म्हटले. चित्रपटाने ही जुनी समजूत वरवर उलटी केली, नेतृत्व स्त्रीकडे दिले, आणि मग त्या नेतृत्वालाच शिक्षा केली. कॅमेरा तिचा, नकाशा तिचा, हट्ट तिचा. म्हणून दोषही तिचा, असा एक न्याय दोन्ही पुरुषपात्रे तिच्यावर सतत चालवत असतात. वस्तुतः नकाशा फेकतो तो माइक. तिचे प्रसिद्ध स्वगत, रात्री स्वतःकडे कॅमेरा वळवून तिघांच्याही आयांची मागितलेली क्षमा, या दृष्टीने द्व्यर्थी आहे. शास्त्राने भयानकाचे व्याजजन्य, अपराधजन्य आणि वित्रासजन्य असे तीन भेद मानले. हे स्वगत म्हणजे अपराधजन्य भयाचा अस्सल नमुना. चेहऱ्याचा खालचा भाग चौकटीबाहेर, डोळे आणि वाहणारे नाक चौकटीत. सौंदर्याचा कोणताही संकेत पाळलेला नाही, आणि म्हणूनच पुढे त्याची असंख्य विडंबने झाली. परंतु ती ज्या अपराधाची कबुली देते तो अपराध चित्रपटाने सिद्ध केलेला नाही, केवळ तिच्या माथी मारलेला आहे. एखादी स्त्री कथा सांगण्याचा आग्रह धरते यापलीकडे तो काय आहे? प्रेक्षकांच्या एका वर्गाने हिदरला 'त्रासदायक' ठरवले, आणि त्या वर्षीच्या वाईट अभिनयाचा उपहासात्मक पुरस्कारही डोनाह्यूच्या वाट्याला आला. याच चित्रपटाने इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कारांत जॉन कॅसाव्हेटिस यांच्या नावाचा सन्मान मिळवला होता. दिग्दर्शकांचा गौरव आणि जिने स्वतः कॅमेरा धरून तो चित्रपट टिपला तिची टवाळी, ही वाटणी निव्वळ योगायोगाची मानता येत नाही.

येथूनच नटांचा प्रश्न निघतो. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये आठ दिवस झालेल्या चित्रीकरणात नटांना संपूर्ण पटकथा दिलेली नव्हती. रोज डब्यांतून स्वतंत्र सूचना मिळत, अन्न दिवसागणिक कमी केले जाई, रात्री दिग्दर्शक तंबू हलवीत आणि मुलांचे ध्वनिमुद्रित आवाज अंधारातून वाजवले जात. भूमिकेबाहेर यायचे असल्यास उच्चारायचा एक संकेतशब्द ठरवलेला होता. तो शब्द प्रेक्षकाला कधी ऐकू येत नाही, परंतु लौकिक आणि अलौकिक यांच्यातील सीमारेषा या चित्रपटात कोठे असेल तर त्या न ऐकू येणाऱ्या शब्दात आहे. नटाने भयाचा अभिनय करणे आणि नटाला भिववून त्याचे चित्रण करणे यांतील भेद रसचर्चेने फारसा विचारात घेतला नाही, कारण तिला तसा प्रसंग आला नाही. मराठीतील रसचर्चाही बव्हंशी करुणाभोवती, दुःखातून आनंद कसा या कोड्याभोवतीच फिरत राहिली. भयानकाच्या वाट्याला वर्गीकरणापलीकडे थोडेच आले. प्रस्तुत चित्रपटासारख्या कृती त्या चर्चेला नवे खाद्य पुरवू शकतात.

पुढच्या चित्रपटांनी या घाटाचे काय केले ते थोडक्यात नोंदवता येईल. ओरेन पेलीच्या 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'ने (२००७, व्यापक प्रदर्शन २००९) तिवईवर स्थिर ठेवलेला कॅमेरा आणला. त्यामुळे 'चित्रण का चालू?' या प्रश्नाला सोपे उत्तर मिळाले, पण अनुभावांचे प्रतिमेत होणारे स्थलांतर हरपले. झोपलेल्या माणसांवर राखण करणारे यंत्र स्वतः भीत नाही. हिंदीत 'रागिणी एमएमएस'ने (२०११) तीच वाट धरली. 'ब्लेअर विच'चा २००० मधील उत्तरभाग हा घाट सोडून देतो. २०१६ मधील पुनरागमनात कानाला लावलेले कॅमेरे आणि ड्रोन आहेत, साधने वाढली आहेत, ध्वनी तिन्ही बाजूंनी अंगावर येतो आणि जे दाखवायचे नव्हते ते दाखवले जाते.

नटांची नावे मात्र पात्रांनाच चिकटून राहिली. वॉल्पोलला दुसऱ्या आवृत्तीत आपले नाव परत घेता आले. ज्यांची नावे हाच पुरावा म्हणून वापरली गेली त्यांना ती सोय नव्हती. प्रदर्शनाच्या काळात बेपत्ता असल्याचा देखावा टिकावा म्हणून तिघांना प्रसिद्धीपासून दूर ठेवण्यात आले, आणि यशाच्या मानाने त्यांना मिळालेले मानधन अगदी तुटपुंजे होते. डोनाह्यूने पुढे अभिनय सोडला आणि कालांतराने नावही बदलले. २०२४ च्या एप्रिलमध्ये, चित्रपटाचे हक्क ज्या लायन्सगेट कंपनीकडे गेले होते तिला तिघांनी जाहीर पत्र लिहिले: त्यांच्या नावांचा आणि प्रतिमांचा उपयोग करणाऱ्या पुढील कोणत्याही प्रकल्पात त्यांच्याशी विचारविनिमय व्हावा, आणि १९९९ मधील कामाचे थकलेले उत्पन्न त्यांना मिळावे.